लंगड्या मेंढीचं तेल

मी बिजागरी बोलतेय. दाराची नव्हे, कपाटाची नव्हे, नावेची. एका जुन्या पत्र्याच्या नावेच्या पुढच्या टोकाला बंद खण आहे. त्या खणाचं झाकण माझ्या जिवावर उघडायचं आणि मिटायचं. नावेला बिजागरी असते हेच तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. नसू दे. माझं बोलणं तिखट वाटलं तर वाटू दे. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर पाय ठेवून माणसं उतरली, खाली वाकून कुणी विचारलं नाही की बाई, तुझं कुठं दुखतंय. एकानं मात्र विचारलं. त्यानं आणि त्याच्या बायकोनंच माझा घात केला, तोही मायेनं. तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म गुलबर्ग्याचा. डाळमिलींच्या मागं एका शेडमध्ये शिवशंकरप्पा नावाचा ओतारी पितळ ओतायचा. तुरीच्या टरफलांची धूळ उडून साच्यातल्या वाळूत मिसळायची, तिच्यातच आमचं अंग घडलं. आम्ही जुळ्या बहिणी. झाकणाला दोघी लागतात, एक उजवीकडं, एक डावीकडं. मी उजवी. अंग आमचं चोख पितळेचं. पण बिजागरीचा जीव तिच्या पाकळ्यांत नसतो, मधल्या खिळ्यात असतो. पाकळ्या त्याच्याभोवतीच फिरतात. तो खिळाही पितळेचाच हवा होता. त्या दिवशी पितळेची सळई संपली होती आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. शिवशंकरप्पानं लोखंडाची सळई कापून आमच्यात ठोकली. "पाण्यात थोडीच जायच्यात ह्या," असं म्हणाला. गिऱ्हाइकानंही सांगितलं नाही की पाण्यातच जायच्यात.

आम्ही नावेला लागलो ते साल ब्याण्णव. कारंजा नदीवर धरण झालं होतं आणि पाणी मागं सरकत सरकत ओढ्यानाल्यांत शिरलं होतं. अलीकडं वाडी राहिली. पलीकडं शाळा, बाजार, दवाखाना, डांबरी रस्ता. चालत वळसा घालायचा तर अर्धा दिवस जायचा, नावेनं विडी ओढून होईस्तोवर माणूस पलीकडं. या काठाच्या बाभळीपासून त्या काठाच्या दगडी खांबापर्यंत जाड दोर बांधलेला होता. नावाड्यानं उभं राहून दोर हातानं ओढत जायचं, की नाव चालली.

नावाडी होता लिंबाजी. बापजाद्यांपासून मेंढरं राखणारा माणूस. कुरणं पाण्याखाली गेली, मेंढरं विकली, आणि गावानं त्याला नावेवर उभा केला. पोहायला येत नव्हतं. पण मोजायला येत होतं. माणसं चढताना तो जिभेनं टक टक करायचा आणि हातातली काठी आडवी धरून एकेकाला आत सोडायचा, जसं संध्याकाळी वाड्यात मेंढरू सोडावं.

बांगड्या विकणारी चंद्रभागाबाई एकदा खवळली. "लिंबाजी, मी काय शेळी हाय व्हय रं? टक टक करून चढवायलास!"

"शेळी बरी, काकू. शेळी वजनानं हलकी असती."

सगळी नाव हसली. चंद्रभागाबाईनं टोपली त्याच्या पायावर ठेवली ती जरा जोरातच.

आमच्या झाकणाखाली त्या खणात काय होतं तेही ऐका, कारण पुढं सगळं त्यावरच आलं. जादा दोर होता, पाणी उपसायचा डबा होता, आणि ट्रॅक्टरच्या चाकाच्या हवा भरलेल्या सहा ट्यूबा होत्या. नाव कलंडली तर माणसांनी त्या धरायच्या. म्हणजे झाकण झटक्यात उघडायला हवं. आम्ही दोघी बहिणी उगाच शोभेला नव्हतो.

झाकणावर माणसं बसायची. तिथून मी माणसं बघितली. गाव सोडून जाणारा माणूस नेहमी वाडीकडं तोंड करून बसतो. परत येणारा तिकडंच तोंड करून बसतो, पण त्याचं लक्ष आपल्या पिशवीकडं असतं. सुरुवातीला जाणारे आणि येणारे सारखेच होते. मग जाणारे वाढले. कुणी हैदराबादला, कुणी पुण्याला, कुणी सोलापूरला. येणारे सणाला यायचे. येताना पंखा आणायचे, टीव्ही आणायचे, आणि परत जाताना म्हाताऱ्या आईच्या हातावर कसलीतरी गोळ्यांची पुडी ठेवून जायचे.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझा आवाज बदलला. झाकण उघडताना मी चिरकायला लागले. लोखंडाच्या खिळ्याला गंज धरला होता. इतर नावाडी असता तर एक लाथ घातली असती. लिंबाजी गुडघ्यावर बसला आणि माझ्याजवळ कान नेला.

"भोरे, काय झालं गं? लंगडायलीस कामून?"

भोरी हे मेंढीचं नाव. माझं अंग तसं पिवळट-तांबूस, म्हणून मला त्यानं ते दिलं. आता मेंढी लंगडली की मेंढपाळ काय करतो? करडीचं तेल कोमट करतो, त्यात बिरोबाचा भंडारा कालवतो, म्हणजे हळद, आणि खुराच्या बेचक्यात दाबून वरून चिंधी बांधतो. लिंबाजीनं माझ्यावर नेमकं तेच केलं. तेल ओतलं, हळद दाबली, चिंधी बांधली. दर शनिवारी.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी फार बरं वाटलं. ऊबदार तेल आत उतरलं आणि मी गुपचूप फिरले. लिंबाजी बायकोला, नागूबाईला, म्हणाला, "बघ, गुण आला."

पण करडीचं तेल भाकरीवरच चांगलं. पातळ थरानं उन्हात पडलं की ते सुकतं, चिकट होतं, डिंकासारखं ताणतं, आणि शेवटी लाखेसारखं कडक होऊन बसतं. हळद त्यात गाळ होऊन राहते. वरची ओली चिंधी गंजाला पाणी पाजते. आठ दिवसांत मी पहिल्यापेक्षा जास्त आखडायची. मग पुन्हा शनिवार यायचा, नवं कोमट तेल जुन्या थराला जरा मऊ करायचं, मी दिवसभर फिरायची, आणि ती दोघं समजायची की औषध लागू पडतंय, फक्त दुखणं हट्टी आहे. अशी माझी वर्षं गेली. ओरडून सांगावंसं वाटायचं. पण मी ओरडले की ते आणखी तेल आणायचे.

त्यांना एकच मुलगा, नागराज. नव्व्याण्णव साली तो पुण्याला निघाला. वीस-एकवीस वर्षांचा. एक बॅग घेऊन झाकणावर बसला, आमच्या वर. लिंबाजी दोर ओढत होता. नागूबाई सोडायला पलीकडच्या काठापर्यंत आली होती.

"माय, पाच साल," तो म्हणाला. "कंपनीत काम शिकतंव. तवर नाव चालू ठेव. मग येऊन मीच चालवतंव. इंजन बसवू."

"आन न्हाई आलास तर?"

"नाव हाय तर येतंव की. नावच नसंल तर हितं कशाला येऊ?"

तो हसत बोलला. पोरं बोलतात तसं. नागूबाई हसली नाही. तिनं ते वाक्य पदराला गाठ मारून बांधावं तसं बांधून घेतलं. नाव हाय तर येतो. त्या दिवसापासून तिच्या मनात नाव म्हणजे नाव राहिली नाही.

दोन वर्षांनी लिंबाजी गेला. छातीत कळ आली, तेवढंच. नागराज आला, दिवस करून गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नागूबाईनं लुगड्याचा काष्टा मारला आणि दोर हातात घेतला. गावातल्या चार शहाण्यांनी विचारलं, बाईमाणूस नाव चालवणार का. ती म्हणाली, "चालवायलेय की. डोळं हायत न्हवं? बघा." चौघं उठून गेले. तिला उलट बोलायची पद्धतच नव्हती.

शनिवारचं तेल तिनं एकदाही चुकवलं नाही. नवऱ्यानं सांगून ठेवलं नव्हतं. तिनं बघितलं होतं, तेवढं पुरलं. तेलही कसं? बाजारचं नव्हे. वाडीतल्या कलाबाईच्या शेतातली करडी, घाण्यावर काढलेली, स्वतःच्या भाकरीवर घालायला नसलं तरी माझ्यासाठी वाटीत वेगळं ठेवलेलं. आता तुम्हीच सांगा, अशा बाईवर मी राग तरी कसा धरावा? धरला. धरला मी राग. मायेनं मारलं म्हणून मरण गोड होत नाही.

पाच साल झाले. सहा झाले. नागराज फोन करायचा, वाडीतल्या किराणा दुकानात. दुकानदार हाक मारायचा, नागूबाई पळत जायची. बोलणं रोजचंच: पाऊस, तब्येत, नातू किती वाढला. शेवटी ती विचारायची, "कधी येतुस?" आणि लगेच स्वतःच सांगायची, "नाव चालू हाय बरं का."

दोन हजार सहाला तपासणीला नवा साहेब आला. बिदरकडून आलेला, कानडी माणूस, मराठी तोडकी पण स्वच्छ बोलायचा. त्यानं नाव ठोकून बघितली, दोर बघितला, मग झाकणाकडं बोट दाखवलं. "अक्का, हे उघडा."

नागूबाईनं एका हातानं ओढलं. आम्ही हललो नाही. दोन्ही हातांनी ओढलं, पाय लावून ओढलं, तेव्हा कर्रर करून टीचभर उघडलो.

"अक्का, बोट पलटी झाली तर ट्यूब कधी काढणार? उद्या?"

"पलटी? माझी नाव? चौदा साल झाले सायेब, कोंबडी बुडाली न्हाई हितं."

"कोंबडीसाठी नाही बोलत अक्का. शाळेची पोरं बसतात." त्यानं वहीत लिहिलं. "दुरुस्त करा. पुढच्या वर्षी मी येतो. एका हातानं उघडलं तर नाव चालू. नाही तर बंद."

साहेब वाईट नव्हता. मी तर म्हणते, इतक्या वर्षांत माझी बाजू घेऊन बोलणारा तो पहिलाच. पण नागूबाईच्या कानात एकच शब्द राहिला. बंद.

तिनं निर्णा गावाहून कल्लप्पा मेस्त्रीला बोलावलं. नांगर, गाडीचे आस, पंपाच्या पात्या, सगळं जुळवणारा माणूस. त्यानं चिंधी सोडली, नखानं माझ्यावरचा पिवळा थर खरवडला, वास घेतला आणि मान हलवली. मला वाटलं, सुटले. अखेर कुणाला तरी कळलं.

"अक्का, नाव काठावर घ्या. दोन दिवस रॉकेलात भिजत ठेवतंव. मग हातोडीनं खिळा ठोकून काढायचा, नवा घालायचा. आन हे तेल बंद करा."

"हातोडी?"

"व्हय. जोरात हाणावी लागंल, धरून बसलाय खिळा."

नागूबाईचा चेहरा बदलला. "लंगड्या मेंढरावर कुणी हातोडी हाणतं व्हय रं कल्लप्पा?"

"अक्का, ही मेंढी न्हाई. बिजागरी हाय."

"मला शिकवू नको. त्यांच्यापासनं ह्या माझ्या हातातल्या हायत. तू हाणशील, ती फुटंल, आन सायेब येऊन नाव बंद करंल. मग? जा तू. चहा पिऊन जा."

हाण म्हणावं, बाई! मी आतल्या आत किंचाळले. हाण, घाल घाव! चार घावांत मी मोकळी होते! पण मी पितळ. कल्लप्पानं चहा प्याला, पिशवी उचलली आणि गेला. जाताना एवढंच म्हणाला, "तेल तरी थांबवा."

तिनं थांबवलं नाही. वाढवलं. आता शनिवार-शनिवार नव्हे, रोज. सकाळी पहिली फेरी मारायच्या आधी कोमट तेल, संध्याकाळी पुन्हा. बिरोबाच्या देवळातून नवा भंडारा. चिंधी नवी, धुतलेली. सबंध एक वर्ष त्या बाईनं माझी सेवा केली, जशी कुणी सुनेनं सासूची केली नसेल. आणि मी दिवसेंदिवस दगड होत गेले. शेवटी शेवटी ती झाकण उघडून बघायचीही थांबली. ओढलं तर दुखेल म्हणून.

साहेब आला त्या दिवशी काठावर गर्दी होती. चंद्रभागाबाई टोपली घेऊन उभी होती. वाडीतली बरीच माणसं होती. नागूबाईनं धुवट लुगडं नेसलं होतं. आम्हाला तेल घालून, कुंकू लावून ठेवलं होतं.

"अक्का, एक हात," साहेब म्हणाला.

तिनं एक हात लावला. काही नाही. तिनं साहेबाकडं बघितलं नाही. दुसरा हात लावला. साहेबानं हात वर केला, थांबा म्हणाला, पण ती थांबायची नव्हती. दोन्ही पाय खणाला लावून तिनं सगळं अंग मागं झोकलं. मी धरून राहिले. डावी बहीण धरून राहिली नाही. तिची पाकळी मधून तडकली, एकाच आवाजात. झाकण वाकडं झालं आणि नागूबाई मागं पडली.

कुणी हसलं नाही. चंद्रभागाबाईनं टोपली खाली ठेवली आणि तिला उठवायला गेली. नागूबाई स्वतः उठली. "आज जरा गारठलीय ती," ती साहेबाला म्हणाली. "उन्हं चढू द्या. उघडती."

साहेबानं टोपी काढली, पुन्हा घातली. "अक्का, नको आता," एवढंच म्हणाला. आठ दिवसांत माणसं आली आणि दोर गुंडाळून घेऊन गेली. नाव बाभळीखाली ओढून ठेवली. लोक वळशाच्या रस्त्यानं जीपमधून जायला लागले. तक्रार पहिले दोन महिने केली, मग जीपची वेळ पाठ झाली.

नागूबाई नावेजवळ येतच राहिली. बहिणीचा तुटका तुकडा तिनं कमरेच्या पिशवीत ठेवला. मला तेल घालत राहिली. फोन आला की सांगायची, "नाव काठाला हाय. जरा काम चालू हाय तिचं." खोटं नव्हतं ते. तिच्या मते काम चालूच होतं.

नागराज आला तो दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात. जाड झाला होता, चष्मा लागला होता. पुण्यात मोठ्या कारखान्यात फिटर होता. आईला न्यायला आला होता. ती म्हणाली, आधी नाव बघ.

तो नावेजवळ आला आणि बंद पडलेली वस्तू बघून त्याचे हात थांबेनात. फिटरचेच हात ते. वाडीतून रॉकेल आणलं, माझ्यावर ओतलं, भिजत ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी आणि खिळा ठोकून काढायचा पोगर घेऊन बसला. नागूबाई बाभळीच्या मुळीवर बसली होती.

त्यानं पहिला घाव घातला तेव्हा तिनं डोळे मिटले. दुसरा, तिसरा. चौथ्याला खिळा सरकला. पाचव्याला बाहेर. चारच घाव सांगितले होते मी, एकच चुकला.

नागराजनं खिळा बोटांत धरून फिरवला. त्यावर तपकिरी, हळदीचा चिकट थर जमला होता, जाड, काचेसारखा. त्यानं नखानं तोडून वास घेतला. "माय, हे बघ. गंज थोडाच हाय. कुणीतरी ह्याच्यात खायचं तेल घातलंय. साल-दोन साल न्हाई, लई वर्षं घातलंय. त्यानंच धरलंय हे सगळं. कुण्या येड्याचं काम हाय हे?"

काठावर एक बगळा उभा होता, नागूबाई त्याच्याकडं बघत होती.

"आसल कुणीतरी," ती म्हणाली.

नागराजनं खिळा बाजूला टाकला. मला पॉलिशच्या कागदानं घासलं, सायकलच्या दुकानातून आणलेली सळई कापून नवा खिळा केला, ट्रॅक्टरचं ग्रीस भरलं. बहिणीच्या जागी बाजारची साधी बिजागरी बसवली. सगळं मिळून तासभर. मग बाजूला सरकला. "उघड बघू."

नागूबाई उठली. एक हात पुढं केला, मग चार बोटं मिटून एकच ठेवलं. एका बोटानं झाकण वर आलं. आवाज नाही, ओढ नाही. मला स्वतःलाच कळेना की हे माझं अंग. तिनं झाकण मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. आतल्या ट्यूबा उन्हानं आणि वर्षांनी तडकून चिंध्या झाल्या होत्या. तिकडं तिनं बघितलं नाही.

"सायबाला दावू," ती म्हणाली. "एका बोटानं उघडायलीय. त्यो म्हणला हुता, एका हातानं."

"माय, आता कोण सायेब? दोर नेला, माणसं जीपनं जायलीत."

"मग तू ऱ्हा की. तू म्हणला हुतास. नाव हाय तर येतंव."

नागराज आठवायला लागला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्याला खरंच आठवत नव्हतं. "मी म्हणलो हुतो? कधी?"

नागूबाईनं कमरेच्या पिशवीतून बहिणीचा तुकडा काढला, खणात ठेवला, झाकण मिटलं. त्यावर हात पुसावा तसा तळवा फिरवला. मग तळव्याला लागलेलं ग्रीस बघितलं, काळं. वास घेतला.

"कधी निघायचं?" ती म्हणाली.

गेली ती. जीपनं गेली, वळशाच्या रस्त्यानं. परत आली नाही. पुण्यात आहे की नाही तेही मला सांगणारं इथं कुणी नाही.

तीन वर्षं झाली. माझ्यातलं ग्रीस अजून ओलं आहे. नागराजचं काम चांगलं आहे, त्यात मी खोट काढणार नाही. पाण्यावरून वारा सुटला की झाकण आपोआप उचललं जातं आणि आपटतं. दिवसभर आपटतं. ज्या वयात फिरायला हवं होतं त्या वयात मला डांबून ठेवलं, आणि आता उघडून कुणाला काही द्यायचं राहिलं नाही तर मी वाऱ्याच्या फुंकरीनंही उघडते. खणात बहिणीचा तुकडा खडखडतो.

या बाजूला कधी आलात तर बाभळीखाली नाव दिसेल. झाकणावर बसा, बसायला हरकत नाही. पण मला काही घालू नका. तेल नको, हळद नको, कुंकू नको, माया नको. एक दगड तेवढा झाकणावर ठेवून जा, म्हणजे ते आपटायचं थांबेल.